बंड्याच्या गोचिडी संपता संपत नाहीत, काय करू?

मधुमालती | ७ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज नाइलाजाने धागा काढतेय.

आमच्याकडे दीड वर्षाचा बंड्या आहे. गावठी, तांबूस, एक कान उभा आणि एक कायम पडलेला. मागच्या पावसाळ्यात तळेगाव स्टेशनजवळ भिजत बसला होता, लेकीने छत्रीत घेऊन घरी आणला. बाकी गुणाचा आहे. पण गेला महिनाभर अंगावर गोचिडी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळ्याखाली. रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून वेचते. दहा-बारा निघतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच. आठवड्यातून दोनदा आंघोळ घालते, कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने. पावडर झाली. औषधी पट्टा आणला, तो दोन दिवसांत दाराच्या कडीत अडकवून तोडला पठ्ठ्याने.

बैठं घर आहे, मागे छोटं अंगण, शेजारी मोकळा प्लॉट. सासूबाई म्हणतात, "कुत्रं घरात घेतलंत तेव्हाच सांगितलं होतं." काल त्यांच्या उशीवर एक सापडली. म्हणजे प्रश्न आता एकट्या बंड्याचा राहिलेला नाही. :(

ता.क. फिरायला नेताना तो मला ओढतो. गल्लीतले लोक विचारतात, कोण कोणाला फिरवतंय? त्यावरही काही सुचवा.

टवाळ_मास्तर | ७ जुलै, रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. उशीवरच्या गोचिडीचं पुढे काय झालं?

मधुमालती | ७ जुलै, रात्री ९.५८

सासूबाईंनी चपलेने मारली. उशीवरच. अभ्रा दोनदा धुतला.

खारुताई | ७ जुलै, रात्री १०.२०

अगं, आधी त्या आंघोळी कमी कर. आठवड्यातून दोनदा म्हणजे फार होतं. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्यांची बरीचशी उदासीन, त्यामुळे आपला शॅम्पू किंवा साबण त्यांना चालत नाही. कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि मग आपल्याला वाटतं की गोचिडींमुळेच खाजवतोय. गावठी कुत्र्याच्या आखूड केसांना महिन्यातून एक आंघोळ पुष्कळ. एरवी रबरी ब्रश किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे धुवून बोटांच्या मधे कोरडं करणं हे आंघोळीपेक्षा महत्त्वाचं.

हे सगळं मी आमच्या लॅब्रॅडॉरच्या कानावर शिकले. दर रविवारी हौसेने न्हाऊ घालायचो, कानात पाणी राहायचं. कान झटकायला लागला, वास यायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. आता आंघोळीच्या वेळी कानात कापसाचा मोठा बोळा, आणि नंतर आठवणीने काढायचा. एकदा विसरलो होतो. तेही सांगते, म्हणजे तुमचा विसरायला नको.

रांगडा_गडी | ८ जुलै, सकाळी ७.१५

ताई, एवढं कशाला. गुरांच्या दवाखान्यातनं गोचिडीची बाटली आणा, बादलीभर पाण्यात टोपणभर टाका आणि चोपडा. आमच्या म्हशीला नि मोत्याला एकच औषध. कागलला या, मोत्या दाखवतो. घोड्यागत हाय.

गोठ्याचा_डॉक्टर | ८ जुलै, सकाळी ८.०५

रांगडा_गडी, तुमच्या मोत्याचं नशीब थोर आहे. तेवढ्या भरवशावर दुसऱ्याला सांगू नका.

मी गुरांचाच डॉक्टर, पण आता निम्मे पेशंट कुत्री असतात. गुरांची ती औषधं घट्ट असतात, टोपण थोडं जास्त झालं की कुत्र्याला लाळ, थरथर, झटके, सगळं येतं. शिवाय म्हैस अख्खं अंग चाटत बसत नाही, कुत्रं चाटतं. गोचिडीसाठी गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही कुणी परस्पर टोचू नका. कोली आणि त्यांच्या संकरातल्या काही कुत्र्यांत जन्मजात दोष असतो, ते औषध थेट मेंदूत पोचतं. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही मांजराला लावायचं नाही, नुकतंच लावलेल्या कुत्र्याजवळ तिला झोपूही द्यायचं नाही. मांजर मरतं, हे शब्दशः घ्या.

गोचीड काढताना चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ ओढायची. पिळायची नाही, नखाने चिरडायची नाही, काडी लावून किंवा रॉकेल टाकून तर अजिबात नाही. साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायची.

मधुमालतीताई, एक विचारतो. बंड्या जिथे झोपतो तिथल्या भिंती बघितल्यात का?

शेवग्याची_शेंग | ८ जुलै, सकाळी ११.३०

सगळे लगेच रसायनांवर का येतात? करंजाचं तेल आणि कडुनिंबाचं तेल खोबरेलात मिसळून लावा. आमच्या राणीला आठ वर्षं हेच लावतेय, एक गोचीड नाही.

खारुताई | ८ जुलै, दुपारी १२.१०

शेंग, तुझी राणी चौथ्या मजल्यावर राहते ना? :)

शेवग्याची_शेंग | ८ जुलै, दुपारी १२.२५

राहते. पण खाली जाते ना रोज!

टवाळ_मास्तर | ८ जुलै, दुपारी १२.३१

लिफ्टने जाते. गोचिडींना जिना चढायचा कंटाळा. (दिवे घ्या.)

गोठ्याचा_डॉक्टर | ८ जुलै, दुपारी २.००

तेलाने काही गोचिडी दूर राहत असतील, नाही म्हणत नाही. पण महिनाभर रोज दहा-बारा निघतायत, तिथे तेल पुरणार नाही. हल्ली पोटातून द्यायच्या गोळ्या मिळतात. एक महिनाभर चालते, एक साधारण बारा आठवडे. गोचीड चावते, रक्तातून औषध पिते आणि मरते. म्हणजे अंगावर गोचीड दिसली तर गोळी फुकट गेली असं नव्हे. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलेली आहे त्याच्या डॉक्टरला ते आधी सांगा. वजन करून, डॉक्टरकडूनच घ्या. इथे मात्रा विचारू नका, सांगणार नाही.

वैदर्भी_ऊन | ८ जुलै, रात्री ८.४५

मी म्हणतो अंगावरचे केसच काढून टाका ना! गोचिडी दिसतील तरी. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. दोन वर्षांपूर्वी आमच्या जर्मन शेफर्डचं पूर्ण मुंडण करून आणलं. बिचाऱ्याला गार वाटन म्हणून.

खारुताई | ८ जुलै, रात्री ८.५८

मग वाटलं का गार?

वैदर्भी_ऊन | ८ जुलै, रात्री ९.२०

नाही ना राजेहो. पाठीवर उन्हाने लाल चट्टे आले. आणि केस परत आले ते ठिगळ लावल्यावानी. खालचे मऊ केस आधी वाढले, वरचे राठ केस अजून नीट आले नाहीत. सोसायटीत लोक विचारतात, हा कोणत्या जातीचा?

मग डॉक्टरनं समजावलं का बाप्पा, शेफर्ड, लॅब, हस्की, पॉमेरियन यांना केसांचे दोन थर असतात. वरचा थर उन्हापासून वाचवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजाला येते, बाकी सारं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. म्हणून मुंडणाने फायदा नाही. खालचा थर ब्रशनं विंचरून काढायचा, घरात केसांच्या गाद्या भरतील एवढे निघतात. आता आम्ही उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत नि रात्री नवानंतर फिरवतो. डांबरावर उलटा हात सात सेकंद ठेवून पाहायचा. आपल्याले ठेववला नाही तर त्याले कसा चालवन?

मधुमालती | ८ जुलै, रात्री १०.०५

बंड्याचे केस मुळात इतके आखूड आहेत की काढायला काही नाही. पण धन्यवाद :)

डॉक्टरसाहेब, तो मागच्या दाराशी गोणपाटावर झोपतो. भिंतींवर काही दिसलं नाही बाई. गोळीबद्दल उद्या विचारते.

फिरवण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

माजी_हवालदार | ९ जुलै, सकाळी ६.१०

बोलतो. मी काही वर्षं मेरठच्या आरव्हीसी, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात श्वानांबरोबर होतो.

फिरताना पट्टा ताणला की जागीच थांबायचं. ओरडायचं नाही, उलट ओढायचं नाही. वडाच्या झाडासारखं उभं राहायचं. तो मागे वळून बघेल, पट्टा सैल पडेल. त्या क्षणी "शाबास" आणि हातातला घास, आणि लगेच पुढे चालायचं. ताणलं की पुन्हा झाड. पहिल्या दिवशी फाटकापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला अर्धा तास लागेल आणि लोक हसतील. हसू द्यावं. कुत्र्याला कळतं ते इतकंच, की ओढलं की गाडी बंद पडते आणि सैल सोडलं की चालू होते. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा. एक जण ओढू देतो आणि दुसरा नाही, असं असेल तर सहा महिने घालवाल.

घास लहान, बोटाच्या पेराएवढा. उकडलेलं चिकन, पनीर, गाजर, काहीही.

रांगडा_गडी | ९ जुलै, सकाळी ७.४०

आमच्याकडं आवळणारी साखळी हाय. एक हिसका दिला की सरळ येतंय. घास बीस नाय.

टवाळ_मास्तर | ९ जुलै, सकाळी ८.००

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. घास काय नि हिसका काय.

माजी_हवालदार | ९ जुलै, सकाळी ९.१५

मास्तर, शेपूट सरळ करायचं नाहीये, पट्टा सैल करायचा आहे.

गडीसाहेब, हिसक्याने कुत्रं थांबतं, पण ते दुखतं म्हणून. समोर सायकलवरचं पोर येत असताना रोज गळ्याला हिसका बसला, तर काही दिवसांनी सायकल दिसली की ते गुरगुरायला लागतं. त्याच्या हिशोबाने दुखणं सायकलीमुळे येतं. असली कुत्री पाहिलीयत. स्फोटकं हुंगणारं कुत्रं जीव ओतून काम करतं ते त्या चेंडूसाठी, जो सापडल्यावर त्याला खेळायला मिळतो. मार खाल्लेलं कुत्रं हुंगायचंच विसरतं, सारखं तुमच्या हाताकडे बघतं.

बर्लिनकर | ९ जुलै, दुपारी ३.३०

सहमत. इकडे खिळ्यांचे पट्टे लावून शिकवायला २०२२ पासून बंदीच आहे. आणि कुत्रं पाळायचं तर महापालिकेला कर द्यायचा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याचे वर्षाला १२० युरो, दुसऱ्याचे १८०. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तेवढ्यात आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना पोळ्या झाल्या असत्या."

गोचिडी इथेही आहेत, पण आमच्याकडच्या बहुतेक गवतातून येतात. जंगलात फिरून आलं की कुत्र्याचं आणि स्वतःचं अंग तपासायचं, झालं. घरात रोज दहा-बारा हे मी इथे कधी ऐकलं नाही. डॉक्टरांनी भिंतींचं का विचारलं असेल?

बिबट्याचा_शेजारी | ९ जुलै, रात्री ९.००

आमच्या जुन्नरकडे कुत्रं रात्री बाहेर ठेवलं तर गोचिडी होण्याइतकं जगतच नाही. बिबट्या उसातून येतो आणि उचलतो. तुमची चेष्टा नाही करत, तीन वर्षांत दोन गेली. अकोले तालुक्यात अभ्यास झाला होता, तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. तेव्हापासून ढमी रात्री पडवीत, जाळीच्या दाराआड. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात, टोकं बाहेर, ती ह्याचसाठी. बर्लिनकरांच्या पट्ट्याची टोकं आत असतात, एवढाच फरक.

तांबडी_वाट | १० जुलै, सकाळी १०.२०

सिंधुदुर्गातून. गोचीड म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ होती, तोही गोचिडीमुळेच. सासूबाईंच्या उशीवरची गोचीड कुणी हसण्यावारी नेऊ नका.

गोठ्याचा_डॉक्टर | १० जुलै, दुपारी १.४५

काळजी बरोबर आहे, पण ती गोचीड वेगळी. माकडतापाची गोचीड जंगलातली, मेलेल्या माकडांच्या आसपास, काजूच्या बागेत, पाल्यापाचोळ्यात भेटते. तुमच्याकडे जंगलात जाताना अंगाला औषध लावणं हवंच. मधुमालतीताईंच्या घरातली बहुतेक तपकिरी कुत्रा-गोचीड आहे. तिला कुत्र्याचंच रक्त आवडतं, माणसाला क्वचित चावते. पण उशीवर सापडली याचा अर्थ घरात ती पुष्कळ झाली आहे. म्हणूनच भिंतीचं विचारलं होतं.

चहाबाज | १० जुलै, सायंकाळी ५.००

अवांतर: आमचं बीगलचं पिल्लू चार महिन्यांचं आहे, सगळं कुरतडतं. आणि घरात शी-शू. आई म्हणते, नाक त्यात घासा म्हणजे शिकेल. खरं का?

खारुताई | १० जुलै, सायंकाळी ५.२५

नाक घासून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, सोफ्यामागे करायची. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या, आणि मधे दर दोन-तीन तासांनी. बाहेर केली की तिथल्या तिथे कौतुक, घरी येऊन नव्हे. फरशी पुसल्यावर फिनेल राहू देऊ नका, पंजाला लागतं आणि ती चाटतात.

कुरतडण्याचं म्हणाल तर दात येतायत. दुधाचे २८ पडून ४२ पक्के येतात, सहा-सात महिन्यांपर्यंत चालेल. ओला पंचा पीळ घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि द्या. जुनी चप्पल देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही.

टवाळ_मास्तर | १० जुलै, सायंकाळी ५.३०

नवऱ्यालाही कळत नाही. (पळा.)

चहाबाज | १० जुलै, सायंकाळी ५.४१

धन्यवाद! खायला काय? सध्या दूध-पोळी.

गोठ्याचा_डॉक्टर | १० जुलै, रात्री ८.१०

बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही, पातळ शी होते. दही चालतं. नुसत्या पोळीवर वाढत्या पिल्लाचं भागत नाही. अंडं, चिकन, मासे, नाहीतर पिल्लांचं तयार खाणं. आपल्या ताटातलं देताना कांदा आणि लसूण अजिबात नाही, शिजवलेलेही नाहीत, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडं नाहीत. चॉकलेट नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे नाहीत, मूत्रपिंडं जातात. श्रावण येतोय, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे लक्षात ठेवा. दरवर्षी कुणीतरी प्रेमाने प्रसाद चारतं.

शेवग्याची_शेंग | १० जुलै, रात्री ८.३०

बाप रे. राणीने मागच्या वर्षी दोन द्रोण खाल्ले होते.

मधुमालती | १३ जुलै, सकाळी ७.०५

मंडळी, घाईत लिहितेय. बंड्या काल दुपारपासून खात नाहीये. पावसाने दोन दिवस दवाखान्यात जाणं झालं नव्हतं, गोळी अजून आणलेली नाही. रात्री सासूबाईंनी साय लावून पोळी दिली (हो, त्याच देतात, मला कळू न देता), ती हुंगून तोंड फिरवलं. नाक गरम आहे. आत्ता दारापाशी नुसता पडून आहे, शेपूटही हलवत नाही. आमच्या तापाच्या गोळीची पाव देऊ का?

गोठ्याचा_डॉक्टर | १३ जुलै, सकाळी ७.१२

देऊ नका. आपली तापाची किंवा दुखण्याची कोणतीही गोळी देऊ नका, यकृत जातं, पोटात रक्तस्राव होतो.

नाकावरून ताप कळत नाही. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी आहेत की पांढऱ्या? नाकातून रक्त? लघवीचा रंग? पोटावर, जांघेत लाल ठिपके? यातलं काही असो वा नसो, आज सकाळीच दवाखान्यात जा. डॉक्टरांना सांगा की महिनाभर गोचिडी आहेत, रक्त तपासा.

मधुमालती | १३ जुलै, सकाळी ७.२०

हिरड्या फिकट आहेत. पोटावर बारीक लाल ठिपके आहेत, मला वाटलं डास चावले. निघतोय.

खारुताई | १३ जुलै, सकाळी ७.२२

कळव गं.

रांगडा_गडी | १३ जुलै, दुपारी १.००

काय झालं ताई? मोत्याला आज आम्ही पण दवाखान्यात दाखवून आणलं. उगाच धडकी भरली.

मधुमालती | १३ जुलै, रात्री ९.३०

आत्ता जरा टेकले. ताप १०४ निघाला (त्यांचा साधारण १०१ ते १०२.५ असतो म्हणे). प्लेटलेट्स ३८ हजार, दोन लाखांच्या आसपास हव्यात. गोचीडताप, त्यातला एहर्लिशिया. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. आता २८ दिवस रोज गोळ्या, रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत, ओकतो. आणि डॉक्टर म्हणाले की आठवड्याने उड्या मारायला लागेल, तेव्हा बरा झाला म्हणून गोळ्या थांबवू नका. गोचिडीची गोळीही त्यांनी वजन करून दिली.

पहिल्या दिवशी तेल-पावडरीच्या नादात राहिले नसते तर बरं झालं असतं.

सासूबाई त्याच्याजवळ स्टूल टाकून बसल्या होत्या. मी आत गेले तर जपमाळ घाईघाईने पदराखाली लपवली.

गोठ्याचा_डॉक्टर | १३ जुलै, रात्री १०.१५

वेळेत गेलात. आता ऐका, कारण कुत्रं औषधाने बरं होईल आणि घरातून पुन्हा चावलं जाईल.

ही गोचीड कुत्र्यावर राहत नाही, जेवायला येते. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं. थोडं मोठं होऊन पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा. मग मादी टच्च फुगून उतरते आणि भिंतीच्या फटीत अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी. रक्त न मिळता महिनोन्‌महिने तग धरते. तुम्ही रोज दहा-बारा वेचत होतात त्या त्या दिवशीच्या पंगतीला आलेल्या. बाकीचं गाव घरातच आहे.

आणि ती खाली नाही, वर चढते. त्यामुळे बघताना माणूस फरशी बघतो आणि काही दिसलं नाही म्हणतो. उद्या उजेडात, मोबाईलची बॅटरी घेऊन, बंड्याच्या जागेच्या वर बघा. चौकटीच्या मागे, पडद्याच्या दांडीशी, पोपडे आलेल्या गिलाव्यात.

मधुमालती | १४ जुलै, दुपारी १२.४०

सापडलं.

मागच्या दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधे बोट जाईल एवढी फट आहे, गेल्या वर्षी पाणी मुरलं तेव्हाची. ह्यांनी त्यात स्क्रू-ड्रायव्हर फिरवला. तीळ सांडल्यासारखे बाहेर आले. चालणारे तीळ. वर पडद्याच्या दांडीच्या मागे राखाडी, फुगलेल्या, तुरीच्या डाळीएवढ्या पाच-सहा. गोणपाट उचललं तर खाली अंड्यांचे तपकिरी पुंजके. भिंतीच्या पलीकडेच सासूबाईंचा पलंग.

मी महिनाभर कुत्रा धूत होते.

बर्लिनकर | १४ जुलै, दुपारी १.०५

चालणारे तीळ!! आता मला तिळगूळ खाववणार नाही.

टवाळ_मास्तर | १४ जुलै, दुपारी १.१०

आमच्या कपाटामागे बघून आलो. कुत्रा नाहीये माझ्याकडे. तरी बघून आलो.

गोठ्याचा_डॉक्टर | १४ जुलै, दुपारी ३.२०

छान. गोणपाट जाळा, पुन्हा गोणपाट नको, धुता येईल अशी चादर, दर आठवड्याला कढत पाण्यात. फवारणी करणाऱ्या माणसाला बोलवा, पण त्याला "झुरळं" सांगू नका, "गोचीड" सांगा. तो फरशीच्या कडेने मारून जाईल, त्याला छतापर्यंत मारायला लावा. बंड्या आणि घरातले सगळे त्या वेळी बाहेर, फरशी वाळेपर्यंत आत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंडी फवाऱ्याने मरतीलच असं नाही. मग फट बुजवा. गवत कापा. आणि गोळी निदान तीन-चार महिने चुकवू नका. आता बंड्या हाच तुमचा सापळा आहे, जी चढेल ती मरेल.

शेवग्याची_शेंग | १४ जुलै, सायंकाळी ६.००

डॉक्टर, राणीलाही गोळी सुरू करू का? तेल बंद नाही करणार मात्र.

गोठ्याचा_डॉक्टर | १४ जुलै, सायंकाळी ६.३०

तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. तेल लावा खुशाल, केस चमकतील.

वैदर्भी_ऊन | १५ जुलै, रात्री ९.१०

विषय निघालाच आहे तर, नखं कोण कापते घरी? आमचा काळ्या नखांचा आहे. आतली शीर दिसत नाही.

खारुताई | १५ जुलै, रात्री ९.४०

थोडं थोडं, तांदळाच्या दाण्याएवढं. कापलेल्या भागाच्या मधोमध काळा ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरायची. पायाच्या आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, झिजत नाही, ते गोल वळून कातडीत घुसतं, ते विसरू नका.

मधुमालती | १६ ऑगस्ट, सकाळी १०.३०

बरेच दिवस आले नाही. गोळ्यांचे २८ दिवस परवाच्या आठवड्यात पूर्ण झाले. प्लेटलेट्स दोन लाख दहा हजार. फवारणी दोनदा झाली, फट पांढऱ्या सिमेंटने बुजवली. गेल्या बारा दिवसांत अंगावर एक गोचीड मिळाली, तीही मेलेली. कालनिर्णयावर सासूबाईंनी पेन्सिलीने रोजची खूण केली होती, एकादशीच्या शेजारी "बं. गोळी".

हवालदारसाहेब, तुमचं झाड होणं मी तीन आठवडे केलं. माझ्याबरोबर बंड्या अजूनही निम्मा रस्ता ओढतो. आणि काल बघते तर सासूबाई त्याला कोपऱ्यापर्यंत घेऊन निघालेल्या, पट्टा सैल, तो त्यांच्या गुडघ्याला लागून चालतोय. विचारलं, असं काय करता? म्हणाल्या, "मी म्हातारी, मला कुठे जोरात चालवतंय. थांबत थांबत जाते." लेकीने मागून बघितलं तर पदराच्या टोकाला पोळीचे तुकडे बांधलेले.

माजी_हवालदार | १६ ऑगस्ट, सकाळी ११.०५

त्यांना माझा नमस्कार सांगा. तुकडे केवढे करतात ते तेवढं विचारून ठेवा.

मधुमालती | १६ ऑगस्ट, सकाळी ११.२०

बोटाच्या पेराएवढे. साय लावून.

नवी_पालवी | १९ ऑगस्ट, रात्री ११.५५

नमस्कार, नवीन आहे, धागा मोठा आहे म्हणून सगळा वाचला नाही. आमच्या मांजरीला गोचिडी झाल्यात. शेजाऱ्यांकडे कुत्र्याचं औषध उरलंय, तेच लावलं तर चालेल ना?

गोठ्याचा_डॉक्टर | १९ ऑगस्ट, रात्री ११.५७

नाही!! हात धुवा, आणि ८ जुलै, सकाळी ८.०५ चा प्रतिसाद वाचा.